भावना, पुट आणि खंगर : भस्माचे कण का जुळतात?



भस्मनिर्मितीविषयी आपल्या त्रैमासिकात आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शोधन, मारण, पुटसंख्या, भस्मपरीक्षा हे विषय आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एका दुर्लक्षित अंगाकडे लक्ष वेधू इच्छितो. भावनेच्या निमित्ताने आपण मूळ द्रव्यात जे जे मिसळतो, आणि जे न कळत मिसळले जाते, त्याचा पुटाच्या अग्नीत कणांवर नेमका काय परिणाम होतो, हा तो विषय होय. या विषयाकडे आम्ही ग्रंथातून वळलो नाही. आमच्याच औषधशाळेत बिघडलेल्या एका बॅचमुळे वळलो. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

एक बिघडलेली बॅच

बारामतीत आमची लहानशी औषधशाळा आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक किलो लोहभस्माचे काम चालू होते. सामान्य व विशेष शोधन, भानुपाक, स्थालीपाक हे सर्व रीतीप्रमाणे झाले होते. त्यानंतर त्रिफळा क्वाथाच्या भावना देऊन गजपुटे देणे सुरू होते. पहिली काही पुटे व्यवस्थित झाली. पुढे मात्र शरावातून निघणाऱ्या चक्रिका दर पुटागणिक कठीण होऊ लागल्या. एरवी बोटांनी चुरडणारी चक्रिका आता खलात दगडासारखी वाजू लागली. रंगही तांबडा राहण्याऐवजी जांभळट काळपट होत गेला. आम्ही अग्नीला दोष दिला. गोवऱ्या कमी केल्या, खड्डा बदलला, शराव बदलले. परिणाम मात्र तोच.

त्याच सुमारास इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे एक वीटभट्टीवाले संधिवाताच्या तक्रारीसाठी आमच्याकडे येत असत. ओसरीवर ठेवलेली चक्रिका त्यांनी सहज उचलली, दुसरीवर आपटून तिचा आवाज ऐकला, मोडून आतला भाग उजेडात धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्याचा तर खंगर झालाय. पाणी कुठल्या विहिरीचं वापरता?"

आम्ही चकित झालो. विटेचा आणि लोहभस्माचा संबंध काय, आणि त्यात पाण्याचा प्रश्न कोठून आला? त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. खारवट माती किंवा खारवट पाणी वापरले की एरवी ज्या आचेवर वीट नुसती भाजते त्याच आचेवर ती गळू लागते. विटा एकमेकींना चिकटतात, वाकतात, काचेसारख्या चकाकतात. त्यालाच खंगर म्हणतात. आच तीच असते. फरक असतो तो मातीत आलेल्या क्षाराचा.

त्या उन्हाळ्यात घरच्या नळाला पाणी अपुरे येत होते म्हणून क्वाथासाठी आम्ही कालव्याच्या फाट्यालगतच्या एका विहिरीचे पाणी आणवत होतो, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. पाणी चवीला किंचित मचूळ होते. पण क्वाथ तर उकळायचाच आहे, असे म्हणून आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले होते.

सिंटरिंग म्हणजे काय?

वीटभट्टीवाल्यांनी जे एका वाक्यात सांगितले त्याचे शास्त्र सिरॅमिक विद्येत सविस्तर मांडलेले आहे. त्या विद्येतील मध्यवर्ती क्रियेला सिंटरिंग म्हणतात. चूर्ण वितळू न देता केवळ तापवून त्याचे कण परस्परांशी जोडणे, ही त्याची सोपी व्याख्या. कुंभाराचे मडके, चिनी मातीची कपबशी, मोटारीतील स्पार्क प्लगचे पांढरे आवरण हे सर्व अशा भाजण्यातूनच टणक होतात.

हे का घडते? कोणत्याही पदार्थाच्या पृष्ठभागावरील अणू आतील अणूंसारखे सर्व बाजूंनी बांधलेले नसतात. त्यामुळे पृष्ठभागाशी जादा ऊर्जा निगडित असते. चूर्ण जितके सूक्ष्म तितका एकूण पृष्ठभाग मोठा आणि ही ऊर्जाही अधिक. पाण्याचे दोन थेंब एकमेकांना लागताच एक होतात, त्यामागे हेच कारण आहे. घन कणांना थंड अवस्थेत ते साधत नाही, कारण अणू जागचे हलू शकत नाहीत. उष्णता मिळाली की ते सरकू लागतात. साधारणपणे पदार्थाचा वितळणबिंदू केल्व्हिन मापात मोजला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास ही हालचाल जाणवू लागते. दोन कण जेथे टेकलेले असतात तेथे अणू गोळा होऊन एक मान तयार होते. ती जाड होत जाते आणि कण जुळतात.

येथे दोन भिन्न परिणाम ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला, कणांमधील पोकळ्या भरून वस्तू आकसते व घट्ट होते. दुसरा, लहान कण नाहीसे होऊन मोठे कण वाढतात, म्हणजे कणवृद्धी होते. सिरॅमिक बनवणाऱ्यास बहुधा पहिला हवा असतो व दुसरा नको असतो. भस्म बनवणाऱ्यास दोन्ही नको असतात. आपल्याला अग्नीचा संस्कार हवा आहे, पण कण सूक्ष्म आणि सुटे राहावयास हवेत. सिरॅमिकवाला ज्याची खटपट करतो तेच टाळणे हे आपले काम. म्हणूनच त्याचे ज्ञान आपल्याला उलट्या बाजूने उपयोगी पडते.

चिमूटभर द्रव्याचा प्रभाव

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्युमिनाच्या चूर्णात सुमारे पाव टक्का मॅग्नेशिया मिसळून ते भाजले. एरवी ॲल्युमिना भाजला की आत सूक्ष्म पोकळ्या अडकून राहतात व तो पांढरा, अपारदर्शक दिसतो. मॅग्नेशियाच्या त्या अल्प अंशाने कणांच्या सीमांची धाव मंदावली, पोकळ्यांना बाहेर पडण्यास अवसर मिळाला आणि प्रकाश आरपार जाईल असा ॲल्युमिना तयार झाला. त्याचे पेटंट १९६२ साली मिळाले. आता एलईडी दिवे आले असले तरी आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे जे पिवळे सोडियम दिवे जळत होते, त्यांतील आतली नळी या ॲल्युमिनाची असे. किलोला अडीच ग्रॅम द्रव्याने पदार्थाचे रूप पालटले, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

दुसरे उदाहरण आपल्या यशदभस्माच्या जवळचे आहे. यशदभस्म हे रसायनशास्त्राच्या भाषेत मुख्यतः झिंक ऑक्साइड. ते सुमारे १९७५ अंश सेल्सिअसला वितळते. विजेच्या उपकरणांचे अकस्मात वाढलेल्या दाबापासून रक्षण करणाऱ्या चकत्या याच झिंक ऑक्साइडच्या बनवतात. जपानमधील मात्सुशिता कंपनीतील मिचिओ मात्सुओका यांनी १९७१ साली त्यांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात थोडे बिस्मथ ऑक्साइड घालतात. ते सुमारे ८२० अंशांना वितळते आणि झिंक ऑक्साइडच्या सहवासात त्याहूनही लवकर द्रव होते. हा द्रव कणांभोवती पातळ थरासारखा पसरतो, ओल्या वाळूतील पाण्याप्रमाणे कणांना जवळ खेचतो आणि त्यातून अणू वेगाने इकडून तिकडे जातात. मूळ पदार्थ वितळणबिंदूपासून कितीतरी दूर असतानाही कण मोठे होतात व जुळतात.

मिश्रद्रव्ये कोणत्या मार्गांनी काम करतात?

वरील उदाहरणांवरून मिसळलेल्या द्रव्यांच्या कार्याचे ढोबळ वर्ग करता येतात.

पहिला वर्ग द्रावकांचा. सोडियम, पोटॅशियम यांचे क्षार, टंकण, शिसे किंवा बिस्मथ यांची ऑक्साइडे कमी आचेवर द्रव होऊन कणांना चिकटवतात. सैंधव ८०१ अंशांना, पोटॅशियम कार्बोनेट ८९१ अंशांना, निर्जल टंकण सुमारे ७४३ अंशांना वितळते. विशेष म्हणजे क्षारांचे मिश्रण एकेकट्या क्षाराहून लवकर वितळते. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड योग्य प्रमाणात एकत्र आले तर ६६० अंशांच्या आसपासच द्रव होतात. क्षाराबरोबर सिकता असेल तर काच तयार होण्याची संधी मिळते. गजपुटात कमाल तापमान साधारण ९०० ते १००० अंशांपर्यंत जाते. म्हणजे ही सर्व द्रव्ये पुटात द्रव होऊ शकतात.

दुसरा वर्ग अडथळा करणाऱ्यांचा. मॅग्नेशियासारखी सहज न वितळणारी द्रव्ये कणांच्या सीमांवर बसून कणवृद्धी मंदावतात. दारात उंबरठा असावा तसे ते काम आहे.

तिसरा वर्ग मूळ पदार्थाच्या स्फटिकात शिरणाऱ्यांचा. त्यांच्यामुळे स्फटिकात रिकाम्या जागा कमीअधिक होतात व अणूंची हालचाल वेगवान किंवा मंद होते. एकच द्रव्य एका ऑक्साइडमध्ये साहाय्यक व दुसऱ्यात बाधक ठरते ते बहुधा यामुळे.

चौथा वर्ग जळून जाणाऱ्यांचा. वनस्पतीचा सेंद्रिय भाग प्रथम कोळसा होतो. तो कोळसा जळेपर्यंत कणांच्या मध्ये पडद्यासारखा राहतो आणि जळताना वायू सोडून वस्तू सच्छिद्र करतो. वीटभट्टीवाले मातीत भुसा किंवा बगॅसची राख मिसळतात. त्यातील भुशाचा उपयोग असाच असतो.

पाचवा मार्ग वायूचा. क्लोराइडांची वाफ किंवा पाण्याची वाफ काही ऑक्साइडांच्या कणांवरून द्रव्य उचलून दुसऱ्या कणांवर नेऊन बसवते. लोहाच्या ऑक्साइडात क्लोराइडयुक्त वायूमुळे वस्तू न आकसताही कण मोठे होतात, असे आढळले आहे. लोहाच्या तांबड्या ऑक्साइडाचे कण मोठे झाले की त्याचा रंग जांभळट होतो. आमच्या चक्रिकांचा रंग का बदलला, याचा उलगडा आम्हांस येथे झाला.

रसशास्त्राची दृष्टी

हे सर्व वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा मनात आली. आपल्या रसाचार्यांनी अणूंची भाषा वापरली नाही, पण द्रव्यांची ही विभागणी त्यांच्या व्यवहारात स्पष्ट आहे. सत्त्वपातनासाठी, म्हणजे जेथे द्रव्य वितळवून त्यातील सार गोळा करावयाचे असते तेथे, टंकण व क्षार सांगितले आहेत. मारणासाठी, म्हणजे जेथे द्रव्य सुटे व सूक्ष्म करावयाचे असते तेथे, मुख्यत्वे वनस्पतींचे स्वरस व क्वाथ सांगितले आहेत. भस्माची अपुनर्भव परीक्षा करताना तूप, मध, गुग्गुळ, गुंजा व टंकण हे मित्रपंचक घालून ते तापवतात. भस्मात धातू शिल्लक असेल तर तो एकत्र होऊन दिसावा, हा त्यामागील हेतू. जोडणारे द्रव्य कोठे घालावे आणि कोठे घालू नये याचा विवेक त्यात आहे.

मूषानिर्मिती तर प्रत्यक्ष सिरॅमिक विद्याच आहे. रसरत्नसमुच्चयादी ग्रंथांत मूषेच्या मातीत जाळलेला तूस, ताग, घोड्याची लीद, लोहकिट्ट इत्यादी मिसळण्यास सांगितले आहे. ताग व लीद यांतील तंतू माती बांधून ठेवतात व जळून छिद्रे करतात. तुसाची राख सिकता पुरवते. लोहकिट्ट उच्च अग्नीत मातीशी एकजीव होते. अग्नी सहन करील पण तडकणार नाही अशी मूषा हवी, म्हणून हे प्रमाण ठरले.

वंग व यशद यांच्या जारणात आघाड्याचे चूर्ण वापरतात. आघाड्याची राख क्षारयुक्त, मुख्यतः पोटॅशियमयुक्त असते. मग तेथे कण जुळत का नाहीत? जारण हे पुटापेक्षा सौम्य अग्नीवर, सतत घोटत राहून केले जाते, हे एक कारण. दुसरे कारण, जारणानंतर ते द्रव्य पाण्याने वारंवार धुऊन क्षार काढून टाकण्याची रीत आहे. त्यानंतर कोरफडीच्या रसाची भावना व पुट. पुष्कळ ठिकाणी ही धुण्याची पायरी घाईत उरकली जाते किंवा गाळली जाते. तसे झाले तर पुढील प्रत्येक पुटात तो क्षार द्रावकाचे काम करील, हे उघड आहे. धुणे हा स्वच्छतेचा उपचार नसून मारणाचा भाग आहे, असे आम्हांस वाटते.

वनौषधींच्या रसाला अशी दोन अंगे आहेत. त्यातील सेंद्रिय अंश कोळसा होऊन कणांना वेगळे ठेवतो. त्यातील राख शिल्लक राहते व साचत जाते. ती राख चुना व मॅग्नेशियम यांनी युक्त असेल तर सामान्यतः अडथळा करील, पोटॅशियम व सोडियम यांनी युक्त असेल तर जोडील. केळीचा कंद, आघाडा, गोमूत्र यांत द्रावक क्षार विपुल असतात. म्हणून एका वनस्पतीऐवजी दुसरी घेणे हा केवळ गुणधर्माचा प्रश्न राहत नाही. अग्नीत चूर्ण कसे वागेल याचाही तो प्रश्न आहे.

आपल्या भागातील पाणी

आता मूळ प्रसंगाकडे वळू. बारामती व इंदापूर हे पर्जन्यछायेतील तालुके. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि येथील शेती बदलली. पण काळ्या जमिनीत बारमाही पाणी मुरत राहिल्याने काही दशकांतच चोपण व खारवट जमिनी दिसू लागल्या. नीरा खोऱ्यातील या क्षारजमिनींची पाहणी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्याने करून १९१० साली ती प्रसिद्ध केली होती. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या कामाच्या कक्षेतही क्षारतेचा हा प्रश्न येतो. शेतकऱ्यास तो ठाऊक आहे. भिंतीला लोणा लागतो म्हणून गवंड्यासही ठाऊक आहे. औषधशाळेत मात्र आपण त्याचा विचार करीत नाही.

एक हिशेब करून पाहू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन द्रव्यांचे इष्ट प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. समजा आपल्या विहिरीचे पाणी या वरच्या मर्यादेवर आहे, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. क्वाथ चतुर्थांश उरवला. पाणी उडून गेले, क्षार उरले. लिटरला ते ८ ग्रॅम झाले. चुन्याचा काही भाग भांड्याच्या तळाला धरतो. सोडियमचे क्षार मात्र विरघळलेलेच राहतात. एक किलो चूर्णास एका भावनेत अर्धा लिटर क्वाथ लागला असे धरले तर प्रत्येक भावनेगणिक सुमारे ४ ग्रॅम क्षार आत जातात. वीस पुटांत ८० ग्रॅम. त्यातील काही अंश अग्नीत उडून जाईल हे खरे. तरीही कोबलने किलोस अडीच ग्रॅम मॅग्नेशियाने जो फरक घडवला त्याहून अधिक परद्रव्य आपण एकाच भावनेत घालतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; उलट ते एकवटतात. आम्ही 'उकळायचेच आहे' म्हणून जो दिलासा मानला होता तो नेमका विपरीत होता.

न कळत शिरणारी द्रव्ये इतरही आहेत. संधिबंधन तडकले तर गोवरीची राख शरावात जाते. तिच्यात सिकता व पोटॅशियम दोन्ही असतात. दगडी खल झिजून त्याची भुकटी मिसळते. शंख, कवड्या ही समुद्रातील द्रव्ये असल्याने त्यांच्या खाचांत मीठ असते. शंखभस्माच्या बाबतीत तर ही गोष्ट महत्त्वाची आहे. कॅल्शियम कार्बोनेट ९०० अंशांच्या सुमारास विघटन पावून त्याचा चुना होतो. नवा चुना अतिसूक्ष्म व सच्छिद्र असतो. अधिक आच, अधिक वेळ किंवा सोडियमचे क्षार यांमुळे त्याचे कण लवकर जुळतात आणि तो मंद होतो. चुनाभट्टीवाले अशा अतिदग्ध चुन्यास भितात, कारण तो पाण्यात वेळेवर फुलत नाही व गिलाव्यात नंतर फुटतो. शंखशोधनातील स्वेदन व प्रक्षालन मन लावून करण्याचे हेही एक कारण समजावे.

परीक्षा काय सांगतात व काय सांगत नाहीत

आमची बॅच बिघडली तेव्हा एका परिचित औषधनिर्मात्याने सल्ला दिला, "बॉल मिलमध्ये घाला, गाळून घ्या, कोणाला कळणार आहे?" आम्ही थोडा भाग तसा दळून पाहिला. चूर्ण बोटांच्या रेषांत भरले. शांत पाण्यावर तरंगलेही. म्हणजे रेखापूर्णत्व व वारितरत्व दोन्ही साधले. त्या क्षणी आम्हांस मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. शोधनापासूनचे कित्येक आठवड्यांचे श्रम व गोवऱ्यांचा खर्च डोळ्यांसमोर होता.

परंतु विचार केला तेव्हा दोष दिसला. जुळलेल्या कणांचा ढेकूळ कुटून बारीक करणे आणि कण मुळातच सुटे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेखापूर्णत्व तुकड्याचा आकार सांगते. तो तुकडा किती कण वितळून बनला आहे हे सांगत नाही. वारितरत्वात पाण्याच्या पृष्ठताणाचा भाग मोठा आहे. चूर्ण पुरेसे बारीक असले व ते सहज भिजत नसले की तरंगते. या परीक्षा आवश्यक आहेत, पण त्या अंतिम चूर्णाच्या आहेत. त्या चूर्णाचा इतिहास सांगत नाहीत आणि त्यात शिरलेले परद्रव्यही दाखवत नाहीत. नाग, पारद यांच्या कल्पांविषयी तर केवळ सूक्ष्मता हा निर्धोकपणाचा पुरावा मुळीच मानू नये; तेथे प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

ती बॅच आम्ही टाकून दिली. पुढील बॅचसाठी लोहाच्या त्याच साठ्यातून, त्याच शरावांत, त्याच खड्ड्यात, पण साठवलेले पावसाचे पाणी घेऊन क्वाथ केला. चक्रिका पूर्वीसारख्या बोटांनी चुरडू लागल्या व रंग तांबडा राहिला. एका अनुभवावरून सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपल्या संहितांनी आकाशातून पडणाऱ्या जलाची जी थोरवी सांगितली आहे तिचा हा पैलू आम्हांस नवा होता.

औषधशाळांसाठी काही सूचना

१. भस्मकर्मासाठी लागणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजावा. हे मापक यंत्र स्वस्त आहे. क्वाथासाठी पावसाचे, आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. उन्हाळ्यात विहीर बदलली तर पुन्हा मोजावे.

२. भावनाद्रव्याची राख तपासावी. ठरावीक मापाचा स्वरस आटवून, जाळून उरलेली राख वजन करावी. त्यातील किती भाग पाण्यात विरघळतो हेही पाहावे. विरघळणारा भाग अधिक असेल तर सावध राहावे.

३. जारणानंतरचे धुणे अंदाजाने थांबवू नये. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याइतका उतरेपर्यंत व लिटमस निळा होणे थांबेपर्यंत धुवावे.

४. प्रत्येक पुटानंतर चक्रिका मोडून पाहावी. बोटांनी चुरडते की खलबत्ता लागतो, मोडलेला भाग मातीसारखा निस्तेज आहे की काचेसारखा चकाकतो, आपटल्यावर आवाज बद्द आहे की खणखणीत, ही तीन निरीक्षणे नोंदवहीत लिहावीत. यंत्राविना होणारी ही परीक्षा आम्हांस एका वीटभट्टीवाल्याने शिकवली.

५. मर्दन कमी करू नये. पुटात तयार झालेल्या कोवळ्या माना मर्दनाने तुटतात. त्या तशाच राहिल्या तर पुढच्या पुटात पक्क्या होतात.

६. मफल भट्टी वापरणाऱ्यांनी केवळ तापमान जुळवू नये. गोवऱ्यांच्या पुटात कमाल तापमान अल्पकाळ टिकते व नंतर शराव सावकाश स्वांगशीत होतो. भट्टीत तेच तापमान तासन्‌तास धरून ठेवले तर कण जुळण्यास अधिक वाव मिळतो.

७. पुटसंख्या वाचवण्यासाठी किंवा रंग लवकर येण्यासाठी टंकण, सोरा, मीठ यांसारखे द्रव्य पाठात नसताना कदापि घालू नये. काम लवकर झाल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते द्रावण असते.

८. बॅचच्या नोंदीत पुटसंख्या व वजनाबरोबर पाण्याचा स्रोत, भावनाद्रव्याचे प्रमाण व संधिबंधनाची अवस्था यांचीही नोंद ठेवावी. चूक झाली तर ती शोधण्यास दुसरा आधार नसतो.

समारोप

भावना या शब्दाचा आपण औषधी गुणांचा संस्कार असा अर्थ घेतो, आणि तो योग्यच आहे. परंतु अग्नीच्या दृष्टीने पाहता भावना म्हणजे चूर्णात मिसळलेले द्रव्य होय आणि अग्नी त्यातील प्रत्येक घटकाची दखल घेतो, मग तो आपण हेतुपूर्वक घातलेला असो की पाण्यावाटे चोरपावलांनी आलेला असो. रुग्ण आपल्या हातातील पुडी विश्वासाने घेतो. ती कशी तयार झाली हे त्याला दिसत नाही, आणि तयार झाल्यावर पुष्कळदा आपल्यालाही दिसत नाही. म्हणून ती तयार होत असतानाच पाहिली पाहिजे.

ते वीटभट्टीवाले पुढे तपासणीसाठी आले तेव्हा नव्या चक्रिका आम्ही मुद्दाम त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक चुरडली, बोटे झटकली आणि म्हणाले, "आता बरोबर." भीमा-नीरेच्या या खोऱ्यात माती भाजणारे व चुना भाजणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान हातांत बाळगून आहेत. आपल्या औषधशाळेपासून त्यांची भट्टी फार दूर नाही. वैद्यबंधूंनी एकदा तेथे जाऊन खंगर हाती घेऊन पाहावा, एवढीच विनंती.

इत्यलम्।